घुंगरं बांधलेली रिव्हॉल्वर

आष्टीच्या बैलबाजारात आश्रुबा हेड्याची एक खोड सगळ्यांना ठाऊक होती. बैल बघायला गेला की तो आधी दात बघत नसे, खुरं बघत नसे. खांद्यावरचं उपरणं हौदात बुडवायचा, पिळायचा आणि बैलाच्या शिंगावरून खसाखसा फिरवायचा. हिंगूळ उपरण्याला लागला की मालकाकडं बघून नुसता हसायचा. पुढचं मालकानं समजून घ्यायचं.

रंगाखाली शिंगाची चीर बुजते. झुलीखाली मानेवरचं आवाळू झाकतं. गोंडे डोळ्यावर सोडले की फूल पडलेला डोळा कुणाला दिसत नाही. "जेवढा नटला तेवढा लपला," असं आश्रुबा म्हणायचा, आणि त्याच्या ह्या एका वाक्यापायी बाजारातले निम्मे मालक त्याला शिव्या द्यायचे आणि सगळी गिऱ्हाइकं त्याला शोधत यायची.

हेड्या म्हणजे जनावराच्या सौद्यात मधी पडणारा माणूस. विकणाऱ्याचा हात धरायचा, घेणाऱ्याचा हात धरायचा, वरून उपरणं टाकायचं आणि खाली बोटं दाबत भाव फिरवायचा. तोंडानं आकडा काढायचा नाही. नजर लागते. सौदा जमला की उपरणं झटकायचं आणि बैलाच्या गळ्यातली घुंगरमाळ सोडून आधी जुन्या मालकाच्या हातात द्यायची. दावंसुद्धा सोडायचं. घेणाऱ्यानं आपलं दावं आणायचं. जनावर विकावं, दावं विकू नये. दाव्यामागं गोठ्याची लक्ष्मी जाते. ह्या बाबतीत आश्रुबा इतका कडक की एकदा एक पाव्हणा दाव्यासकट बैल ओढून निघाला, तर हा कडा गावच्या रस्त्यापर्यंत त्याच्या मागं गेलता आणि दावं सोडून घेऊन आलता. बैल तिथंच मोकळा झाला आणि पाव्हणा दुपारपर्यंत बैलामागं पळत होता, ती गोष्ट निराळी.

आता असल्या ह्या चोख माणसानं सोताच्या कमरेला काय बांधलं होतं, ते ऐका.

वीस-एक वर्षांमागची गोष्ट. तवा बाजार रोकड्यावर चालायचा. बाजार उठला की आश्रुबाच्या कोपरीच्या खिशात दुसऱ्यांचे पैसे असायचे, आणि वस्तीवर जायची वाट माळावरून. एका हेड्याला घाटात गाठून लुटल्यावर बाजारातल्या चार जणांनी हत्यारासाठी अर्ज दिले. तिघांचे कुठं अडकले देव जाणे, आश्रुबाचं लायसन आलं. त्यानं कानपूरची, सरकारी कारखान्यातली, सहा बारी रिव्हॉल्वर घेतली. काळी कुळकुळीत. तेलानं माखलेल्या म्हशीसारखी.

तिथवर सगळं बैजवार होतं. पण वस्तू घेतली आणि कुणाला दिसलीच नाही, तर घेतली कशाला? पहिल्याच लग्नात आश्रुबा कमरेला लावून मांडवात बसला. शेजारच्या पाव्हण्यानं खाली वाकून बघितलं आणि विचारलं, "नाना, मोबाईल घेतला का? रेंज येती का तुमच्याकडं?"

ते बोलणं आश्रुबाच्या काळजात रुतलं. दुसऱ्या आठवड्यात तो नगरला गेला आणि बँडवाल्यांच्या पिपाण्या उजळून देणाऱ्या कारागिराकडून तिला निकलचं पाणी चढवून आणलं. काळी गेली आणि पांढरी आली. उन्हात धरली की समोरच्याचे डोळे दिपायचे.

मग व्याह्यांना दाखवायला म्हणून एकदा भर पंगतीत कमरेची ओढली, तर नळीच्या टोकावर नेम धरायची जी बारकी माशी असते, ती करदोड्यात अडकली. करदोडा तुटला, कासोटा सुटला आणि वाढप्याच्या हातातली बुंदीची परात खाली आली. आश्रुबानं धोतर सावरलं आणि लगोलग ती माशी लेथवाल्याकडून घासून टाकली. नळी कशी बाटलीच्या तोंडासारखी गुळगुळीत झाली.

मुठीखालच्या कडीत त्यानं पोळ्याच्या बाजारातला तांबडा गोंडा आणि दोन घुंगरं बांधली. बैलाला शोभतं ते हिला कावून शोभू नये?

आणि शेवटी मूठ. कारखान्याची मूठ लाकडी, साधी. आश्रुबाच्या मनात चांदीची भरली. दोन्ही बाजूंनी बैलाचं तोंड, शिंगं वर वळलेली, आणि खाली 'आश्रुबा' हे नाव. चांदी कुठली? तर छबुबाईच्या पायातली. चकलांब्याच्या तिच्या बापानं लेकीच्या लग्नात घातलेले तोडे होते, जाडजूड, गोल, चालताना एकमेकांवर आपटले की भांड्याला भांडं लागल्यागत वाजायचे.

"घरातच हाय की," आश्रुबा म्हणला होता. "पायात घातली काय आन मुठीत घातली काय."

"मग तुमीच घाला पायात," छबुबाई म्हणली होती.

तीन दिवस घरात कुणी कुणाशी बोललं नाही. चौथ्या दिवशी आश्रुबानं बाजारात देतात तसा शब्द दिला, उजवा हात पुढं करून. "तुझे तोडे तुला माघारी. ह्या हेड्याचा शब्द हाय." छबुबाईनं तोडे काढून दिले. मुठीतून उरलेली चांदी पट्ट्याच्या बकलात गेली.

तर अशी ती रिव्हॉल्वर. एकदाही उडाली नाही. दसऱ्याला तिला हळद-कुंकू लागायचं आणि लग्नसराईत हवा. बाकी तिचं आयुष्य पोलीस ठाण्यात गेलं. कावून, तर कुठलीबी निवडणूक लागली की लायसनवाल्यांनी हत्यार ठाण्यात जमा करायचं, आणि आपल्याकडं निवडणूक कवा नसते? लोकसभा झाली की विधानसभा, ती झाली की झेडपी. आश्रुबा ठाण्याच्या पायऱ्या चढायला लागला की घुंगरं वाजायची आणि आतून हवालदार ओरडायचा, "आली रं, नवरी माहेराला आली!" आश्रुबाच्या घरी ती राहिली थोडी आणि ठाण्यात नांदली जास्त.

काळ काय कुणासाठी थांबत नाही. ट्रॅक्टर आले तसे बैल कमी झाले. बाजारात रोकडा दिसेना. शेळी घेणारासुद्धा मोबाईल पुढं करायचा. आणि जिल्ह्यात हत्यारांच्या लायसनांची छाननी निघाली. आश्रुबाला बोलावणं आलं. टेबलामागं एक तरुण बाई साहेब बसल्या होत्या.

"हे शस्त्र तुम्ही शेवटचं कधी वापरलं?"

"दसऱ्याला, बाई साहेब. पूजेत."

"तुमच्या जिवाला धोका कुणापासून आहे?"

आश्रुबानं लई विचार केला. खोटं बोलायची सवय नव्हती. "आता खरं सांगायचं तर हिच्या घुंगरांपायी कुत्री मागं लागत्यात. तेवढाच."

बाई साहेबांनी हसू दाबायला पाण्याचा गिलास तोंडाला लावला. मग म्हणल्या, "बाबा, गरज नसेल तर रीतसर परवानगी घेऊन विकून टाका. तुम्हालाही बरं, आम्हालाही."

आश्रुबाला ते पटलं. परवानगीचा कागद हातात आला त्या दिवशी त्यानं घरी येऊन जाहीर केलं, "इकायची."

छबुबाई ओट्यावर तूर पाखडत होती. सूप न थांबवता म्हणली, "इका. पर माझे तोडे?"

"आगं, इकली की त्या पैशातनं नवे तोडे. वर नथ."

"नथ नगं. तोडे. माझे पाय हायती तवर घालू द्या. गुडघे दुखायल्यात आता. मेल्यावर कुणी तोडे घालून सरणावर निजवत न्हाई, असलेले काढून घेत्यात."

"शब्द दिलाय ना?"

"शब्द दिला तवा केस काळे व्हते तुमचे. आता भुवया बी पांढऱ्या झाल्या."

आश्रुबानं मनात हिशोब मांडला. तो शेजारच्या रामहरीला ऐकवला. रामहरी म्हणजे पिकअपवाला. जन्मभर ह्याचेच बैल वाहिले. "हे बघ," आश्रुबा म्हणला, "नुसत्या काळ्या रिव्हॉल्वरीचा जो भाव आसंल, तो बूड धर. त्याच्यावर निकलचा खर्च. त्याच्यावर मुठीची चांदी, आन चांदीचा भाव आता कुठं गेलाय ते तुला ठाऊकच हाय. त्याच्यावर सोनाराची घडाई. पट्टा निराळा. घुंगरं मी वर घालतो, धर्म म्हणून."

"लई व्हतंय की वो," रामहरी म्हणला. "नथ बसती त्यात."

"ती नथ नगं म्हणती."

"मग मला टायर बसतील."

दुसऱ्या दिवशी दोघं पिकअपमध्ये बसून नगरला निघाले. मागं शेणाचा वास, पुढं आश्रुबाच्या मांडीवर लाल फडक्यात बांधलेली रिव्हॉल्वर. खड्डा आला की घुंगरं वाजत होती.

नगरला अमरसिंहाचं हत्यारांचं दुकान. बापजाद्यांपासूनचं, गादीवर बसलेला माणूस मिशाळ, गोरा, बोलायला गोड. त्याच्याच बोलावण्यावरून एक गिऱ्हाईकसुद्धा आलं होतं: भागवत फौजी, युसूफवडगाव ह्या गावचा. पलटणीतून पेन्शनीत आलेला, आता एका सराफाच्या पेढीवर राखणीला जायचा. लायसन ताजं, कागद पक्के, हत्यार पाहिजे होतं. ताठ बसला होता, जशी खुर्चीची पाठ त्याला चालतच नाही.

आश्रुबानं फडकं सोडलं. घुंगरं छुम् वाजली. दुकानातल्या ट्यूबलाइटीत निकल असा चमकला की फौजीनं डोळे बारीक केले.

"आईशप्पत," अमरसिंह म्हणाला. "बाबा, ही रिव्हॉल्वर आहे का ताबुतातला पंजा?"

"कानपुरी हाय. सहा बारी," आश्रुबा ऐटीत म्हणला. "एकदा बी उडाली न्हाई."

अमरसिंहानं आधी गोळ्यांची चकरी उघडून रिकामी असल्याची खात्री केली. दुर्बिणीसारखं भिंग डोळ्याला लावून अंगावरचा नंबर बघायला लागला. बराच वेळ बघत राहिला.

"नशीब तुमचं," तो शेवटी म्हणाला. "नंबर वाचता येतोय. तुमच्या पिपाणीवाल्यानं घासून घासून बुजवत आणला होता. आणखी दोन हात मारले असते ना, तर ही विकण्यापेक्षा तुमचा जामीन कोण होतंय ते बघावं लागलं असतं. आणि लायसन नसलेल्या माणसाच्या हातात हत्यार दिलंत कसं?"

"शेजारी बसून व्हतो की मी. हललो न्हाई."

"बरं, हे निकल कशाला चढवलं?"

"शोभंसाठी."

"शोभेचे कमी झाले," अमरसिंह म्हणाला आणि बोटानं गादीवर एक रेघ ओढली. "कारखान्याचा काळा रंग गेला की पहिला भाव गेला. आणि हे पाणी चकरीच्या आत गेलंय. फिरवून बघा. अडखळतीय. आता माशी... माशी कुठाय?"

"घासली."

"घासली?"

"करदोड्यात अडकत व्हती."

अमरसिंहानं फौजीकडं बघितलं. फौजीनं छताकडं बघितलं.

"मग नेम कशावर धरायचा, बाबा?"

"नेम कशाला धरायचा? मला काय कुणाला मारायचं व्हतं का?" आश्रुबा तापला. "आन ती मूठ बघा की! सगळी चांदी हाय. आष्टीच्या सोनाराचं काम. बैल बघा, डोळा बघा त्या बैलाचा!"

"बैल झकास आहे," अमरसिंह म्हणाला. "पण मूठ हातात धरली की बैलाची शिंगं तळव्यात टोचतात. भागवतराव, धरून बघा."

फौजीनं धरली. तोंड वाकडं केलं. "नाना, राग नगा धरू. पेढीवर उभं राहायचं म्हंजी आपलं हत्यार समोरच्याला दिसाया नगं. हे तर वेशीतनं दिसंल. वर घुंगरं. चोराला लांबनंच कळंल, आला बघा भागवत, पळा."

"ते तर चांगलंच की!" रामहरी मधीच म्हणला. "फुकट राखण!"

"आन हे नाव. माझं नाव भागवत, मुठीवर आश्रुबा. लोक इचारतील, कुणाची चोरून आणली?"

अमरसिंह गादीवर रेघा ओढतच होता. "बाबा, तुम्हाला खरं सांगू का? ही जर तुम्ही घेतली तशी, काळीच्या काळी आणली असती, तर तुम्ही म्हणाल तो भाव मी गुमान दिला असता. वीस वर्षं न उडालेलं हत्यार मिळतंय कुठं? तुम्ही तिच्यावर जेवढा खर्च केला ना, तेवढा भाव उतरवला. गिऱ्हाईक काय म्हणतंय? एवढं नटवलंय कशापायी? आत काय झाकलंय?"

आश्रुबा बोलायला गेला, पण तेवढ्यात भागवत फौजीनं खिशातून हातरुमाल काढला. अमरसिंहाच्या पुढ्यातल्या बाटलीतलं तेल त्यावर थेंबभर घेतलं. आणि मान खाली घालून नळीवरून खसाखसा फिरवायला लागला.

आश्रुबा बघत राहिला. हात तसाच. दाब तसाच. एवढंच की शिंगाच्या जागी नळी होती. फौजीनं रुमाल उलटा केला. निकलचा एक पापुद्रा माशाच्या खवल्यासारखा रुमालाला चिकटला होता. फौजी आश्रुबाकडं बघून नुसता हसला.

रामहरीला राहवलं नाही. त्यानं जन्मभर हे बघितलेलं. आधी नाकातून फुर्र केलं, मग पोट धरलं, मग खांबाला टेकला. "नाना... आवं नाना... हिंगूळ निघाला की वो!"

आश्रुबाचं तोंड आधी लाल झालं. मग उपरण्यानं तोंड पुसलं. मग खांदे हलायला लागले, आणि रामहरीपेक्षा मोठ्यानं हसू सुटलं. हसता हसता त्याच्या डोळ्यातून पाणी आलं. "आरं लेका, जन्म गेला लोकांच्या बैलाची शिंगं पुसण्यात," तो म्हणला, "आन घरचीच म्हस रंगवून बाजारात घेऊन आलो!"

अमरसिंहाला आणि फौजीला ह्यातलं काहीच कळलं नाही. रामहरीनं त्यांना शिंगाची आणि उपरण्याची गोष्ट सांगितली. फौजी कानकोंडा झाला. "मला ठाऊक नव्हतं, नाना. पलटणीतली सवय."

"सवय चांगली हाय. मोडू नगा," आश्रुबा म्हणला. आणि तिथं तो बदलला. खुर्चीतून उठला, धोतराचा सोगा झटकला, बाजारात उभा राहतो तसा पाय फाकून उभा राहिला. विकणारा गेला आणि हेड्या आला. "भागवतराव, आता मालाची खोट माझ्या तोंडून ऐका. निकल मी चढवलं, ते वरवर हाय, ते काय पुन्ना काळं व्हायचं न्हाई. माशी मी घासली, ती शेठकडनं नवी बसवून घ्या, तो खर्च भावातनं कापा. चकरी अडखळती, ती बी साफ करून घ्या. आत मातूर काय बी खोट न्हाई. नळी कोरी हाय. घेतली तवापासून पोटात बार गेलेला न्हाई."

अमरसिंहानं नळीत उजेड पाडून बघितलं. "खरंय. आतून नवरी आहे."

"आन आता शेवटचं," आश्रुबा म्हणला. "मूठ इकायची न्हाई."

"म्हणजे?"

"आमच्यात बैल इकला की घुंगरमाळ सोडून घरी नेत्यात. दावं बी देत न्हाईत. आमच्या बाजाराचा कायदा हाय. मूठ, गोंडा आन ते पट्ट्याचं बकल माझं. हत्यार तुमचं."

अमरसिंहानं कपाळाला हात लावला. मग हसायला लागला. "बाबा, हे आधी म्हणाला असतात तर ह्यातल्या दोन रेघा मी ओढल्याच नसत्या!" त्यानं खालच्या खणात हात घालून चाचपलं, दोन-चार डब्या उघडल्या आणि तसल्याच रिव्हॉल्वरीची जुनी लाकडी मूठ काढली. कुणाची तरी उरलेली. वापरून गुळगुळीत झालेली. पेचकस घेतला. चांदीचे दोन्ही बैल खाली उतरले आणि लाकूड चढलं. गोंडा सुटला. घुंगरं शेवटची वाजली.

फौजीनं पुन्हा हातात घेतली. मनगट दोनदा वर-खाली केलं. चेहरा सैल झाला. "आता हत्यार वाटतंय."

अमरसिंहानं गादीवरच्या दोन रेघा तळव्यानं पुसून टाकल्या.

"बोला तर मग भाव," तो म्हणाला.

"बोलायचा न्हाई," आश्रुबा म्हणला आणि खांद्यावरचं उपरणं काढलं. "आन माझ्या जनावराचा सौदा मी करत नसतो. हेड्यानं सोताचा माल सोता इकू नये, जीभ घसरती. रामहरी, चल. मधी पड."

"मी?" रामहरी दचकला. "मी पिकअपवाला माणूस!"

"आरं, इतके दिस बघतोयस ना? धर हात."

अमरसिंहाच्या दुकानात बंदुका विकून तीन पिढ्या झाल्या होत्या, पण असला सौदा त्यानं बघितला नव्हता. एकीकडं फौजीचा हात, एकीकडं आश्रुबाचा, मधी रामहरी, वरून उपरणं. फौजीला बोटांची भाषा कळेना. रामहरी त्याच्या कानात सांगायचा, मग तो दाबायचा. एकदा फौजीनं इतकं जोरात दाबलं की रामहरी ओरडला, "आवं, भाव सांगा, बोट नगा मोडू!" आश्रुबा डोळे मिटून उभा होता. एकदा नाही म्हणून मान हलवली. पुन्हा हलवली. तिसऱ्यांदा मान हलली नाही, आणि रामहरीनं उपरणं झटकलं.

किती बोटं दाबली ते त्या उपरण्याला ठाऊक. आश्रुबानं नथीचा हिशोब केलता त्याच्या जवळपास नव्हतं, एवढं खरं. पण गादीवर रेघा पडत होत्या तवाच्या भावापेक्षा पुष्कळ बरं होतं. अमरसिंहानं कागद केले, सह्या घेतल्या, लायसनवर नोंदी झाल्या. पैसे फौजीनं मोबाईलवरून धाडले आणि आश्रुबाच्या खिशात टिंग वाजलं.

"बघा," रामहरी म्हणला, "घुंगरू अजून खिशातच हाय तुमच्या."

वस्तीवर आले तवा छबुबाई शेळीला पाला टाकत होती. आश्रुबानं लाल फडकं तिच्यापुढं सोडलं. चांदीचे दोन बैल, एक बकल आणि तांबडा गोंडा.

छबुबाईनं एक बैल उचलला, दुसऱ्या हातात दुसरा धरला, तराजूसारखं वर-खाली केलं. "कमी लागतंय."

"सोनारानं घट धरली आसंल."

"आन तुमी मूठ चोळून चोळून झिजवली आसंल." ती बैलाच्या तोंडाकडं बघत राहिली. वीस वर्षं ही वस्तू तिनं हातात घेतली नव्हती. "डोळा बरा काढलाय मेल्यानं."

"किती आले ते न्हाई का इचारायचं?"

"इचारून काय करू? तुमी तोंडानं सांगणार न्हाई, आन बोटं दाबून घ्यायला मला येळ न्हाई." तिनं फडकं बांधून कमरेला खोचलं. गोंडा मातूर उचलून शेळीच्या गळ्यात बांधला. शेळी लगेच तो चघळायला लागली.

आठवड्याच्या बाजारी दोघं आष्टीला सोनाराकडं गेले. ज्यानं मूठ केलती तो म्हातारा गेलता, आता लेक गादीवर होता. त्यानं बापाचं काम ओळखलं. बोट फिरवलं. "काकू, हे आटवायचं जिवावर येतंय. काय करू?"

"तोडे कर. जसे व्हते तसे, गोल, जाड."

"तोंडाशी हे बैल बसवता येतील. मगरीचं तोंड असतं त्या जागी. एका तोड्याला एक. आणि हे नाव? नाव ठेवू का पुसू?"

आश्रुबा खाकरला. उपरणं नीट केलं. छबुबाईनं त्याच्याकडं बघितलं नाही.

"नाव पूस," ती म्हणली. "बैल ठिव."

तोडे झाले. पहिल्यापेक्षा जरा बारीक झाले, पण आवाज तोच. छबुबाई ओट्यावरून अंगणात आणि अंगणातून गोठ्यात जायला लागली की भांड्याला भांडं लागल्यागत वाजायचं. गुडघे दुखतात म्हणणारी बाई दिवसातून दहादा उगंच शेळीकडं जाऊन यायला लागली.

एक दिवस रामहरी पिकअप लावून अंगणात आला. तोड्यांकडं बघितलं, आश्रुबाकडं बघितलं, आणि त्याच्यातला नवा हेड्या जागा झाला. आश्रुबाच्याच खांद्यावरचं उपरणं ओढून घेतलं आणि हात पुढं केला.

"वैनी, माल झकास हाय. बोला, बोटं दाबा. इकायचं का?"

छबुबाईनं ओट्यावर बसून तंबाखू मळणाऱ्या नवऱ्याकडं बोट केलं.

"बैल पायजे तर घेऊन जा," ती म्हणली. "घुंगरमाळ देत न्हाईत आमी."